वाडीतल्या करवंटीतून घराची शोभा

कोकणातल्या कोणत्याही घराच्या मागील दारी जाऊन पाहा. न्हाणीच्या चुलीशेजारी करवंट्यांचा आणि सोडणांचा ढीग दिसेल. त्याच घराच्या पुढच्या ओटीवर मात्र बाजारातून आणलेली प्लास्टिकची फुले, प्लास्टिकच्या कुंड्या आणि नायलॉनच्या दोरीला टांगलेली परडी दिसेल. मागच्या दारचा माल चुलीत जातो आणि पुढच्या दारच्या शोभेसाठी पैसे मोजावे लागतात. वास्तविक घराची शोभा वाढविणाऱ्या बहुतेक गोष्टी आपल्या वाडीतच असतात. त्या ओळखून, नीट तयार करून घरात मांडता आल्या तर घर सजते आणि चार नग जास्त झाले तर घरातील बायामाणसांना हातखर्चाला पैसेही मिळतात.

पूर्ण पक्व असोल्या नारळाच्या वजनात साधारणपणे ३५ टक्के सोडण, १२ टक्के करवंटी, २८ टक्के खोबरे आणि २५ टक्के पाणी असते. म्हणजे जवळजवळ निम्मे वजन आपण खाण्यापिण्याच्या उपयोगात आणत नाही. या निम्म्या वजनातून टांगत्या कुंड्या, शिंकी, वाट्या, दिव्यांची झाकणे, पायपुसणी अशा कितीतरी वस्तू होतात. करवंटीची कुंडी नुसती विकली तर ती एक करवंटी असते. तिच्यात हिरवेगार रोप लावून, सुंभाच्या शिंक्यात टांगून ठेवली तर ती घराची शोभा होते. म्हणून या लेखात हस्तकला आणि शोभेची झाडे या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार केला आहे.

आधी वाडीचा वाटा

सर्वच सोडणे हस्तकलेला वापरावीत असे आमचे म्हणणे नाही. पहिला मान वाडीचा. सोडणात पालाश असते आणि ते पाणी धरून ठेवते. नारळाच्या आळ्यात सोडणांचे आच्छादन केल्यास उन्हाळ्यात जमिनीतील ओलावा टिकतो व तणही कमी होते. आच्छादन करताना सोडणाची पाठ वर आणि पोकळ बाजू खाली ठेवावी, म्हणजे त्यात पावसाचे पाणी साचत नाही. वाडीची गरज भागल्यावर जी सोडणे उरतात तीच काथ्यासाठी घ्यावीत.

मागील दारचा ढीग तसाच पडू देणे दोन प्रकारे महाग पडते. उघड्यावर पडलेल्या करवंट्यांत पावसाचे स्वच्छ पाणी साचते आणि त्यात डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. अंड्यापासून डास तयार होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. दुसरे म्हणजे कुजलेला काडीकचरा, शेणखताचे ढीग, कुजके ओंडके आणि कुजलेला काथ्याचा भुसा यांत गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात. हा भुंगा पुढे नारळाचा कोवळा कोंब पोखरतो. म्हणून करवंट्या पालथ्या ठेवाव्यात किंवा गोणीत भरून वळचणीला ठेवाव्यात आणि कचऱ्याचे ढीग वेळच्या वेळी उलटून अळ्या वेचून नष्ट कराव्यात. हस्तकलेसाठी करवंटी गोळा करण्याची सवय लागली की हे काम आपोआप होते.

करवंटीची निवड आणि तयारी

करवंटीच्या वस्तू विकणाऱ्यांकडे एक तक्रार वारंवार येते. घेताना वस्तू छान दिसते, पण पावसाळ्यात तिला बुरशी येते किंवा मुंग्या लागतात. बुरशी आलेली एक वाटी पुढच्या दहा वाट्यांचे गिऱ्हाईक तोडते. हे टाळण्यासाठी पुढील कामे घाई न करता करावीत.

१. नारळ पूर्ण पक्व, म्हणजे ११ ते १२ महिन्यांचा असावा. शहाळ्याची किंवा अर्धवट पक्व नारळाची करवंटी मऊ असते, ती वाळताना आकसते व तडकते. करवंटी गडद तपकिरी, जाड आणि वाजवल्यावर खणखणीत आवाज देणारी असावी.

२. कोयत्याने फोडलेल्या करवंटीच्या कडा वेड्यावाकड्या होतात आणि बारीक तडे आत जातात. वस्तूसाठी नारळ फोडू नये, कापावा. प्रथम मऊ डोळा टोचून पाणी काढून घ्यावे. नंतर पेन्सिलीने सभोवार रेघ मारून बारीक दात्यांच्या हेक्सॉने नारळ फिरवत फिरवत कापावा.

३. कापलेले भाग दोन ते तीन दिवस उन्हात ठेवावेत. खोबरे सुकून करवंटीपासून सुटू लागते, ते वाटीसकट काढून घ्यावे. खोबरे वाया जात नाही. करवंटीच्या आत चिकटून राहिलेली तपकिरी साल व खोबऱ्याचा कण न् कण खरवडून काढावा. मुंग्या आणि बुरशी येते ती या उरलेल्या कणांमुळेच.

४. करवंटी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने आतून घासून धुवावी आणि सावलीत, वाऱ्यावर आठ ते दहा दिवस वाळवावी. रिकामी करवंटी कडक उन्हात ठेवल्यास तडकण्याची भीती असते.

५. बाहेरचे तंतू चाकूने किंवा कानशीने तासून काढावेत. पूर्वी यासाठी काचेचा तुकडा वापरीत. वापरायचा असल्यास हाताला जाड फडके गुंडाळावे. नंतर ८०, १२०, २२० आणि शेवटी ४०० नंबरचा पॉलिश पेपर या क्रमाने घासावे. एक नंबर गाळून पुढे गेल्यास ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश केल्यावर ते जास्त उठून दिसतात.

६. घासताना उडणारी धूळ फार बारीक असते. नाकातोंडावर मास्क किंवा दुहेरी फडके बांधावे व काम खळ्यात, वाऱ्याकडे पाठ करून करावे. घरात, लहान मुलांजवळ हे काम करू नये.

७. खाण्यापिण्याच्या वाट्या, चमचे, डाव यांना फक्त खोबरेल तेल चोळावे. व्हार्निश किंवा फ्रेंच पॉलिश लावलेली वस्तू खाण्यासाठी म्हणून विकू नये. केवळ शोभेच्या वस्तूंना बाहेरून फ्रेंच पॉलिशचे दोन ते तीन पातळ हात द्यावेत. हवा दमट असताना पॉलिश केल्यास त्यावर पांढरट झाक येते, म्हणून हे काम पावसाळ्यात करू नये.

करवंटीची टांगती कुंडी

कुंडीसाठी नारळ बरोबर मध्यावर कापू नये. डोळ्यांच्या विरुद्ध टोकाकडील एक तृतीयांश भाग कापून काढावा, म्हणजे खालचा भाग खोलगट मिळतो व मुळांना जागा होते. डोळ्यांची बाजू खाली येते आणि निसर्गाने दिलेला मऊ डोळा हेच पाणी निचरा होण्याचे भोक ठरते. बाकीचे दोन डोळेही गिरमिटाने मोकळे करावेत. काढलेल्या वरच्या भागाची छोटी वाटी किंवा पणतीखालची बशी होते.

कुंडीच्या तळाशी विटांचे किंवा कोळशाचे बारीक तुकडे घालावेत. त्यावर एक भाग माती, एक भाग चाळलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग धुतलेला काथ्याचा भुसा यांचे मिश्रण भरावे. काथ्याचा भुसा ताजा वापरू नये. त्यात क्षार आणि टॅनिन असते. खाऱ्या पाण्यात कुजविलेल्या सोडणांच्या भुशात तर मीठही असते. भुसा तीन वेळा गोड्या पाण्यात भिजवून, पिळून घ्यावा. तसेच कच्चा भुसा कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो आणि रोपाची पाने पिवळी पडतात. म्हणून वर्षभर पडून काळपट झालेला भुसा पसंत करावा.

करवंटीत माती थोडी बसते, त्यामुळे ती लवकर सुकते. वरून पाणी ओतण्यापेक्षा कुंडी शिंक्यासकट पाण्याच्या बादलीत पाच मिनिटे बुडवून निथळू द्यावी. उन्हाळ्यात दररोज किंवा एक दिवसाआड आणि पावसाळ्यात माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात द्यावे. गिऱ्हाइकाला एवढे मात्र स्पष्ट सांगावे की करवंटी ही चिनीमातीची कुंडी नव्हे. कायम ओली राहिल्याने ती काही काळाने बदलावी लागते. खरे सांगून विकलेल्या वस्तूचे गिऱ्हाईक परत येते.

सुंभाचे शिंके

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात दह्यालोण्याची मडकी शिंक्यात टांगलेली असत. तेच शिंके आज शहरातील घरांच्या गॅलरीत झाड टांगण्यासाठी शोभेचे म्हणून घेतले जाते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. काथ्यात लिग्निनचे प्रमाण जास्त असल्याने तो पाण्याने लवकर कुजत नाही, म्हणून कुंडी टांगण्यास सुंभाइतकी सोयीची दोरी दुसरी नाही.

घरगुती प्रमाणावर सुंभ करण्यासाठी सोडणे पाण्यात भिजवून मऊ करावीत, लाकडी दांडक्याने ठोकून भुसा वेगळा करावा आणि तंतू विंचरून, वाळवून दोन पदरी पीळ द्यावा. वेळ नसल्यास बाजारातून बारीक सुंभ आणला तरी चालतो. शिंक्याची रीत अशी:

१. प्रत्येकी दोन मीटर लांबीच्या चार दोऱ्या घ्याव्यात. त्या एकत्र धरून मधोमध दुमडाव्यात आणि दुमडीखाली घट्ट गाठ मारून वर टांगण्यासाठी फासा ठेवावा. आता खाली आठ पदर लोंबतात.

२. गाठीपासून सुमारे ४५ सें.मी. खाली शेजारशेजारचे दोन-दोन पदर एकत्र गाठावेत. अशा चार गाठी एका पातळीत येतील.

३. त्याखाली ७ ते ८ सें.मी. अंतरावर एका गाठीतील एक पदर व शेजारच्या गाठीतील एक पदर घेऊन पुन्हा चार गाठी माराव्यात. जाळी तयार होते.

४. आणखी ५ ते ६ सें.मी. खाली आठही पदर एकत्र बांधावेत आणि उरलेल्या टोकांचा गोंडा सोडावा.

गाठी एका पातळीत नसतील तर कुंडी तिरकी राहते व पाणी एकाच बाजूने वाहते. पहिले दोन-तीन नग घरासाठी ठेवावेत, हात बसल्यावर केलेले नग विक्रीला काढावेत.

कोणते झाड कोठे लावावे

शोभेची झाडे मरण्याचे मुख्य कारण चुकीची जागा हे आहे. ही झाडे मूळची कोठली आहेत हे पाहिले की जागा ठरविणे सोपे जाते. मनी प्लँट मूळचा पॅसिफिक महासागरातील सोसायटी बेटांचा, अँथुरियम कोलंबिया व इक्वेडोरचे आणि हेलिकोनियाच्या बहुतेक जाती उष्ण कटिबंधीय अमेरिकेच्या. बहुतेक सगळ्या दाट पावसाच्या रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेल्या. त्यांना दमट हवा आणि गाळून आलेला उजेड मानवतो. कोकणातली हवा आणि नारळी-पोफळीची सावली त्यांना घरच्यासारखी वाटते. हीच झाडे पठारावरील कोरड्या हवेत लावायची तर पानांवर पाणी फवारून ओलावा द्यावा लागतो.

ओटी व पडवी: येथे थेट ऊन नसते. मनी प्लँट, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, स्पायडर प्लँट, नेचे आणि रॅफिस पाम येथे चांगले राहतात. करवंटीच्या कुंडीसाठी यांपैकी मनी प्लँट, सिंगोनियम, स्पायडर प्लँट आणि लहान नेचे निवडावेत.

पागोळीजवळची अर्धी सावली: अँथुरियम, ड्रेसिना, अरेका पाम व डेंड्रोबियम जातीची ऑर्किड येथे लावावीत. मात्र पागोळीचे पाणी थेट कुंडीत पडू देऊ नये.

खळ्याची उन्हाची कड: क्रोटॉन, जास्वंद, इक्झोरा, ॲकॅलिफा आणि बोगनवेल यांना ऊन हवे. क्रोटॉन सावलीत ठेवल्यास पानांचे तांबडे-पिवळे रंग फिके पडून पाने हिरवी होतात. करवंटीत लावून उन्हात टांगायचे असल्यास चिनी गुलाब, म्हणजे ऑफिस टाइम, लावावा.

मोरीच्या सांडपाण्याची जागा: सोनटक्का, कर्दळ आणि हेलिकोनिया येथे जोमाने वाढतात. चिखल होणारी जागा फुलांची होते.

नारळाच्या दोन ओळींतील मोकळ्या जागेचाही उपयोग होतो. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने नारळात जायफळ, दालचिनी, काळी मिरी अशी मसाला पिके घेण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धत दाखवून दिली आहे. सावलीचा तोच फायदा हेलिकोनिया व नेच्यांनाही मिळतो. कडेच्या रिकाम्या पट्ट्यात ती लावल्यास घरच्या फुलदाणीची सोय होते.

रोपे घरीच करा

मनी प्लँट व सिंगोनियम यांचे एक-दोन पेरांचे तुकडे ओल्या भुशात लावले की दोन ते तीन आठवड्यांत मुळे धरतात. जास्वंद, ॲकॅलिफा व ड्रेसिना फाटे कलमाने होतात. क्रोटॉनची गुटी कलमे पावसाळ्याच्या सुरुवातीस बांधावीत. स्पायडर प्लँटला लोंबत्या देठावर पिले येतात, ती तशीच करवंटीत लावावीत. सॅन्सेव्हेरियाचे पान तुकडे करून लावता येते. परंतु पिवळ्या काठाच्या जातीचे पान लावल्यास नवे रोप साधे हिरवे येते. म्हणून ती जात खालच्या कंदाची फोड करूनच वाढवावी.

पिठ्या ढेकूण व खवले कीड दिसल्यास प्रथम ओल्या फडक्याने पुसून काढावी. प्रादुर्भाव जास्त असल्यास निंबोळी तेल लिटरला ५ मि.लि. थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावे.

ऑर्किड आणि रानावरचा हात

डेंड्रोबियम ऑर्किडला माती लागत नाही. धुतलेले सोडणाचे तुकडे, करवंटीचा कोळसा आणि विटांचे तुकडे यांच्या मिश्रणात ते वाढते. सोडणाचे तुकडे वापरण्यापूर्वी तीन दिवस पाण्यात भिजवावेत व रोज पाणी बदलावे. सुमारे ५० टक्के सावली, मोकळी हवा आणि आठवड्यातून एकदा पातळ खताची फवारणी एवढ्यावर फुले येतात. रोपे मात्र खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

मृगाच्या सुमारास आंब्या-फणसावर सीतेची वेणी फुलते. ती उपटून करवंटीत बांधून विकण्याचा मोह होतो. असे करू नये. रानातून ओरबाडलेले ऑर्किड घरात क्वचितच जगते आणि झाडावरचे गेले ते गेलेच. वाऱ्याने मोडून पडलेल्या फांदीवरचे ऑर्किड आपल्याच आवारातील झाडाला सुंभाने बांधावे. त्याला सुंभाची ओल मानवते. समुद्रावरच्या वस्तूंबाबतही सावध राहावे. प्रवाळ व काही जातींचे शंखशिंपले यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ साली संरक्षण दिले आहे. करवंटीच्या वस्तूला शोभा म्हणून प्रवाळाचा तुकडा चिकटवून विकणे गुन्हा ठरतो.

मुलाबाळांची व गुराढोरांची काळजी

दिसायला सुंदर असलेली काही झाडे अपाय करतात, हे घरात झाड आणण्यापूर्वी आणि विकण्यापूर्वी माहीत असले पाहिजे. डिफेनबेकियाच्या पानात व खोडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते चावल्यास जीभ व घसा सुजतो, बोलता येत नाही आणि श्वासाला त्रास होऊ शकतो. मनी प्लँट, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, फिलोडेंड्रॉन व अँथुरियम यांतही हे स्फटिक असतात. ही झाडे रांगत्या मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर टांगावीत. कण्हेर व पिवळी कण्हेर यांचे सर्व भाग विषारी आहेत. त्यांची छाटणी गोठ्याजवळ किंवा शेळ्यांच्या वाटेवर टाकू नये. अडेनियमचा चीकही विषारी आहे. कलमे करताना हातमोजे घालावेत व काम झाल्यावर हात धुवावेत. मुलाने पान चावल्यास तोंड पाण्याने स्वच्छ धुवावे, ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये आणि पानाचा तुकडा बरोबर घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. विक्रीच्या कुंडीला झाडाचे नाव व ‘पाने खाऊ नयेत’ अशी चिठ्ठी बांधणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

हंगामाची आखणी

या कामाचा मेळ शेतीच्या कामाशी घालता येतो. मार्च ते मे या काळात नारळ कापून करवंट्या धुवून वाळवून ठेवाव्यात. जूनमध्ये कलमे व तुकडे लावावेत. लावणी आटोपल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये पडवीत बसून तासणे, घासणे आणि शिंकी विणणे ही कामे होतात. नवरात्रानंतर हवा कोरडी झाली की पॉलिश करावे. तोपर्यंत रोपेही मुळे धरून तयार होतात. दिवाळीपासून मेपर्यंत कोकणात पाहुणे व पर्यटक येतात, तेव्हा माल हाताशी असतो.

गणेशोत्सव हा दुसरा हंगाम. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली. तेव्हापासून मखरासाठी दुसऱ्या वस्तूंचा शोध सुरू आहे. आपल्याकडे माटवीला नारळ, सुपारीचे शिपटे आणि रानफुले बांधण्याची रीत मुळातच आहे. झावळीच्या विणलेल्या चुड्या, नारळाच्या पोयीची होडी व करवंटीच्या पणत्या यांचे मखर देखणे होते आणि उत्सव संपल्यावर खतात जाते.

किंमत कशी ठरवावी

घरचाच माल आहे, म्हणून मिळेल त्या किमतीला देऊन टाकणे ही सर्वांत मोठी चूक होय. करवंटी फुकट असली तरी हात फुकट नाहीत. घड्याळ लावून एका नगाला किती वेळ लागतो ते लिहून ठेवावे. उदाहरणार्थ, एका कुंडीला शिंक्यासह दोन तास लागले आणि तासाची मजुरी ५० रुपये धरली तर मजुरीचे १०० रुपये झाले. पॉलिश पेपर, पॉलिश, सुंभ व रोप यांचे ४० रुपये धरले तर खर्च १४० रुपये झाला. दहा नगांत एखादा तडकतो, त्याची भरपाई म्हणून आणखी १५ रुपये धरावेत. म्हणजे १५५ रुपयांच्या खाली विकणे हा तोटाच. आपल्या गावचे दर घालून हा हिशेब प्रत्येकाने करावा. या किमतीला गिऱ्हाईक मिळत नसेल तर वेळ कमी लागेल अशी वस्तू निवडावी. घासणे कमी करून किंमत उतरवू नये.

सुरुवात लहान करावी. पहिल्या वर्षी दहा कुंड्या आपल्याच ओटीवर टांगाव्यात. त्या एक पावसाळा टिकल्या तर पुढच्या वर्षी गावातील बचत गटाने मिळून २५ ते ३० नग करावेत आणि जवळच्या घरगुती निवासाच्या मालकाला, रोपवाटिकेला किंवा कृषी प्रदर्शनात द्यावेत. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे व खेळण्यांनी पिढ्यान् पिढ्या नाव राखले ते सफाईच्या जोरावर, हे लक्षात ठेवावे. ज्यांना हे काम व्यवसाय म्हणून करायचे आहे त्यांनी काथ्या मंडळाच्या प्रशिक्षणाची चौकशी करावी. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांतही टोपली, चटई व झाडू करणारे आणि काथ्या विणणारे यांचा समावेश केलेला आहे.

सारांश, सोडणातील वाडीचा वाटा वाडीला द्यावा, करवंटीत पाणी साचू देऊ नये, माल नीट वाळवावा, झाड जागा पाहून लावावे आणि हाताची मजुरी धरूनच किंमत सांगावी. आज संध्याकाळी न्हाणीच्या चुलीत करवंटी सारण्यापूर्वी त्यातल्या चार चांगल्या बाजूला काढून ठेवा. पुढच्या दिवाळीला येणारा पाहुणा ओटीवर पाऊल ठेवताच, ही कुंडी कोठून आणली, असे विचारील. आपल्याच वाडीतून, हे उत्तर देताना वाटणारे समाधान विकत मिळत नाही.